आजच्या संध्याकाळचे यजमान

पहिल्या संध्याकाळी चार भंते सूत्रपठणाला बसले, सगळ्यांनी हात जोडले, आणि शवपेटीशेजारच्या मोठ्या टीव्हीवर थाविनच्या फोटोच्या जागी एक आतडं आलं.

आतडं माणसाचंच असावं. गटारातून उपसून काढलेल्या नळीसारखं काळपट, आणि आत काहीतरी वळवळत होतं. मग काचेची बरणी आली. बरणीतल्या पिवळट पाण्यात जे लोंबत होतं त्याच्याकडे नामतानने एकदाच पाहिलं. शेवटी हिरव्या पानांच्या चौकटीत सोनेरी अक्षरं उमटली : 'तोंगबाव. तीस वर्षांची घाण एका रात्रीत बाहेर. आपल्या माणसांना पाठवा.'

शवपेटीत थाविन होते, नामतानचे वडील.

हे इथवर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण विहाराच्या मंडपात माइक फुआंग काकांच्या हातात असतो. गावात कुणी वारलं की पाच संध्याकाळी सूत्रपठण, आणि दर संध्याकाळचा खर्च आणि दानधर्म कुणीतरी अंगावर घेतं. त्याला त्या संध्याकाळचा यजमान म्हणायचं. यजमानाचं नाव टीव्हीवर येतं आणि काका ते वाचतात. काकांचा आवाज असा, की त्यांनी वाण्याचं बिल वाचलं तरी बायका पदर डोळ्याला लावतील. पडद्यावर जे येईल ते जसंच्या तसं वाचायचं, मधे डोकं चालवायचं नाही, हा त्यांचा नेम. डोकं चालवून एकदा त्यांनी जिवंत माणसालाच श्रद्धांजली वाहिली होती.

"आजच्या संध्याकाळचे यजमान," काकांनी खर्ज लावला, "तोंगबाव! तीस वर्षांची घाण... एका रात्रीत... बाहेर. यांनी जोडलेलं पुण्य दिवंगत थाविन यांना लाभो."

"साधू, साधू, साधू," मंडप म्हणाला.

नामतानने मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत लाओंग आत्या हात जोडून बसली होती. जोडलेल्या हातांच्या मधे फोन होता.

"आत्या!"

"मी काही केलं नाही गं. मी फक्त पुढे पाठवत होते."

लाओंग आत्या म्हणजे थाविनची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच थाविनला वाढवलं. तिच्याकडे काही शिळं होत नसे, कारण आलेलं ती लगेच पुढे पाठवायची. सोमवारी पिवळी फुलं, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवी. ज्या वाराचा जो रंग त्या रंगाच्या फुलांवर सुप्रभात. फुलांच्या पाठोपाठ जाहिराती. गुडघ्याचं तेल, टकलाचं तेल, डोळ्यांत घालायचा मध, एका डोसात कर्ज आणि मूळव्याध दोन्ही घालवणारा ताईत. आलेली चांगली गोष्ट आपल्यापाशीच अडवून ठेवली तर पाप लागतं, असं तिचं मत होतं. दर पौर्णिमेला प्रवचनाला येऊन येऊन तिच्या फोनची मंडपातल्या टीव्हीशी ओळख झालेली. 'गटात पाठवा'च्या शेजारीच 'पडद्यावर पाठवा' असतं. आत्याचं बोट जाड होतं, चष्मा पर्समध्ये होता. झालं.

 नामतान बोलायला लागली असती तर फार मागून सुरुवात करावी लागली असती.

थाविनचं मेक्लोंग नदीच्या काठावर नूडल्सचं दुकान होतं. आधी नावेत, मग काठावर. स्वभावाने तिखट. चव न घेताच वाडग्यात साखर घालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातून ते वाडगं काढून घेत आणि त्याला दुकानाबाहेर काढत. सरकारवर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, हवामान खात्यावर तर नाहीच. पण थोरल्या बहिणीने पाठवलेलं सगळं खरं. मागच्या उन्हाळ्यात पोटात दुखायला लागलं, तेव्हा बहिणीने तोंगबावची जाहिरात पाठवली. रोज पाठवली. मध आणि चिंचेत घोळवलेली काळी गोळी, बोराएवढी, चवीला मिठाईसारखी. थाविन गोळ्या खात राहिले. दुखणं वाढलं की बहीण पाठवायची : 'दुखतंय म्हणजे घाण सुटतेय.' नामतान राजधानीत चष्म्याच्या दुकानात नोकरीला. ती नववर्षाला घरी आली, बाप अर्धा झालेला पाहिला आणि जबरदस्तीने इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी "आधी आणलं असतं तर" एवढंच म्हटलं आणि पुढचं वाक्य पेशंटच्या कागदात बघून गिळलं.

आणि आता त्याच गोळीच्या पुण्यावर बाबा स्वर्गात चालले होते.

त्या संध्याकाळी पेटीवरची दिव्यांची माळ लुकलुकत असताना नामतानने एकच गोष्ट ठरवली. बाबा गेले ते गेले. पण शनिवारी त्यांना अग्नी देईपर्यंत त्या गोळीचं नाव त्यांच्या पेटीसमोर पुन्हा कुणी उच्चारणार नाही.

*

मंगळवारी सकाळी तिला पहिला निरोप आला तो चष्म्याच्या दुकानाच्या मालकाचा. खाली एक छोटी चित्रफीत, वर जोडलेले हात आणि हसून लोळणारा चेहरा, दोन्ही. चित्रफितीत फुआंग काका खर्जात म्हणत होते, "तीस वर्षांची घाण..." मग शाळेतल्या मैत्रिणीने तीच पाठवली. मग दाताच्या डॉक्टरने. मग ज्याच्याशी तिचं लग्न मोडलं होतं त्याने, 'काळजी घे' असं लिहून. दुपारी घरच्या गटात ती पुन्हा आली. पाठवणारी लाओंग आत्या. खाली लिहिलेलं : 'बघा, आपला थाविन किती प्रसिद्ध झाला.' फुलं गुलाबी होती.

"आत्या, हे काढ."

"आता कसं काढू? लोकांनी पुढे पाठवलं. शेजारच्या जिल्ह्यातून मला माझंच परत आलं."

संध्याकाळी मंडप भरला. थाविन जिवंत असताना ज्यांनी त्यांचे नूडल्स कधी खाल्ले नव्हते तेही काळे कपडे घालून आले, आणि टीव्ही दिसेल अशा जागा धरून बसले. नामतानने टीव्हीवर बाबांचा फोटो लावला होता. हातात पळी, कपाळाला आठी, कुणावर तरी खेकसायच्या बेतात. पहिल्या फेरीचं पठण संपलं, भाताची पेज वाटली गेली, आणि केळ्याची भजी तळणारी शेजारीण वाडगं घेऊन तिच्याजवळ सरकली.

"पोरी, ते तोंगबाव. तुझे बाबा घेत होते ना?"

"घेत होते."

"गुण आला होता का?"

"मावशी, ते पेटीत आहेत."

"ते दिसतंय गं मला. पण त्याच्या आधी?"

नामतानने तिच्या वाडग्याकडे पाहिलं. पेजेवर तेलाचा तवंग होता आणि मावशी तो बोटाने पुसून चाटत होती. त्यानंतर चार दिवस नामतान पेज खाऊ शकली नाही.

*

बुधवारी कंपनी आली.

कंपनी म्हणजे एक चोविशीतला मुलगा. नाव बँक. आईबापांनीच ठेवलेलं, त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव पेप्सी. काळा सूट, काळा टाय, आणि खिशावर सोनेरी धाग्यांनी विणलेलं एक हसरं आतडं. त्याला डोळे होते, गाल होते, आणि छोट्या हाताने ते नमस्कार करत होतं. बँकच्या मागून दोन माणसांनी पुष्पचक्र आणलं. फुलं वाया जातात म्हणून हल्ली चक्रात टेबलफॅन लावतात, म्हणजे नंतर विहाराच्या कामी येतात. हे चक्र सात पंख्यांचं होतं. प्रत्येक पंख्याच्या जाळीवर तेच आतडं. दुखवटा म्हणून त्याच्या दंडाला काळी फीत बांधली होती.

"ताई, कंपनीच्या वतीने मनापासून दुःख," बँकने कमरेत वाकून म्हटलं.

"तुमच्या गोळ्या खाऊन गेले ते."

"आमचा ग्राहक कधीच जात नाही, ताई."

"म्हणजे?"

"गेला की तो ग्राहक राहत नाही. कंपनी आकडे तसेच काढते." त्याने हे थट्टेने म्हटलं नव्हतं. त्याला तसंच शिकवलं होतं. "शुक्रवारच्या संध्याकाळचं यजमानपद कंपनीला मिळालंय. शेवटची संध्याकाळ, त्यामुळे थेट प्रक्षेपण करू. मंडपातल्या टीव्हीवर, आमच्या पानावर, आणि ज्यांच्या ज्यांच्या फोनवर आपण आहोत त्या सगळ्या फोनवर. बाबा घराघरात पोचतील."

"कुणी दिलं यजमानपद? शुक्रवार आमच्या आत्याचा आहे."

"त्यांनीच दिला."

लाओंग आत्या पेटीच्या पलीकडे उभी होती. तिच्या काळ्या ब्लाउजवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक सोनेरी पट्टा आला होता. पट्ट्यावर लिहिलं होतं : 'सुवर्णदूत, मध्य विभाग'.

"अख्ख्या मध्य विभागात माझ्याइतकं कुणी पुढे पाठवत नाही म्हणे," आत्या म्हणाली. तिचे डोळे रडून सुजलेले होते आणि तरी त्यात कुठेतरी एक बारीकसा आनंद होता. तो पाहून नामतानला बरणीतलं ते लोंबणारं आठवलं. "कंपनीने माझं नाव काढलं गं. इतकी वर्षं पाठवतेय, कुणी साधं 'मिळालं' म्हणून कळवत नाही."

"तू बाबांची संध्याकाळ यांना दिलीस?"

"यजमान मोठा असला की मेलेल्याला पुण्य जास्त पोचतं. मी काय देणार होते? पेज आणि सरबत."

"पेज आणि सरबतच द्यायचं होतं!"

नामतान तडक थोरल्या भंतेंकडे गेली. ते झाडाखाली बसून मांजराच्या कानातली गोचीड काढत होते. तिने सगळं सांगितलं. इस्पितळ, गोळ्या, पट्टा. भंतेंनी गोचीड हलकेच पानावर ठेवली, कारण मारायची नसते.

"पुण्य करायला आलेल्याला दारातून परत पाठवता येत नाही, बाळ," ते म्हणाले. "तुझ्या बाबांनी तरी कुणाला दारातून परत पाठवलं असेल का?"

"रोज पाठवायचे. साखर घालणाऱ्याला."

 "ते वेगळं," भंते म्हणाले  आणि मांजराच्या दुसऱ्या कानाकडे वळले.

*

गुरुवारी नामतानने टीव्हीच बाहेर काढायचा प्रयत्न केला. तो भिंतीत बोल्टने बसवलेला होता, आणि ज्याने दान दिला त्याचं नाव टीव्हीपेक्षा मोठ्या पाटीवर होतं. तिने मंडपाच्या वायफायचा पासवर्ड बदलला. पंधरा मिनिटांत आत्याने नवा पासवर्ड कुठूनसा मिळवून विहाराच्या गटात पाठवला, निळ्या फुलांसकट. फुलं खरं तर शुक्रवारची होती, पण आत्याने ती आदल्या दिवशीच तयार ठेवली होती.

"पोरगी हट्टी आहे," फुआंग काका कुणाला तरी म्हणाले. "बापावर गेलीय."

"मग ठीकच आहे ना," नामतान म्हणाली.

"ठीक कसलं. नाव वाचायचं मला. पडद्यावर आलं की मी वाचणार. मी न वाचून कसं चालेल? पुण्य मधेच अडकून बसेल."

*

शुक्रवारी इथे कुणाला जाळत नाहीत, म्हणून अग्नी शनिवारी आणि शुक्रवारची संध्याकाळ शेवटची. बँक दुपारीच आला. सोबत तिपाई, दिवे, आणि मोठ्या पाट्या भरून तोंगबावच्या गोळ्या. काळ्या, चकचकीत, मध गळणाऱ्या. कंपनीचा यजमान म्हणून त्याने चारही भंतेंना औषधदान केलं.

आता भंतेंचं असं असतं, की दुपारी बारानंतर अन्न वर्ज्य. पाणी चालतं, सरबत चालतं, आणि औषध चालतं. त्या दिवशी सकाळी भिक्षेला फार काही मिळालं नव्हतं. अर्धं गाव रात्री उशिरापर्यंत काकांची चित्रफीत बघत बसलं होतं आणि सकाळी उठलंच नव्हतं. त्यातून ऊन असं, की विहाराचे कुत्रे शवपेटीच्या शीतयंत्राला पाठ लावून झोपले होते. सगळ्यात धाकट्या भंतेंनी एक गोळी तोंडात टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते निर्वाण नव्हे, पण त्याच रस्त्यावरचं काहीतरी होतं.

"औषधच आहे ना हे?" दुसऱ्याने विचारलं.

"शंभर टक्के वनौषधी, भंतेजी," बँक म्हणाला.

"मग हरकत नाही."

आणि चारही भंते ओंजळीने औषध घेऊ लागले. थोरले भंतेही. मध त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होता.

पाकिटावर काय लिहिलंय ते नामतानला पाठ होतं. बाबांच्या दुकानात फळीखाली तिला अशी रिकामी पाकिटं ढिगाने सापडली होती. 'झोपताना एकच गोळी. दुसऱ्या दिवशी प्रवास टाळावा.' तिने सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. तिने सांगितलेलं या मंडपात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आताच कशाला त्रास द्या.

संध्याकाळी सात वाजता मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर बाबा नव्हते. टीव्हीवर मंडपच होता. मंडपातले लोक टीव्हीवर स्वतःला बघत होते आणि केस सारखे करत होते. पडद्याच्या कडेने अनोळखी माणसांचे निरोप वर सरकत होते. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'माझ्या सासूला तीन महिने जड वाटतंय, चालेल का?' 'पेटी छान आहे, कुठून घेतली?' कोपऱ्यात हसरं आतडं काळी फीत लावून हात हलवत होतं. बँक तिपाईच्या मागे उभा राहून आनंदाने घामाघूम झाला होता.

"आजच्या संध्याकाळचे यजमान," फुआंग काकांनी सुरुवात केली.

नामतानने कानांवर हात ठेवले. तरी ऐकू आलं. तो आवाजच तसा होता. ज्या नावासाठी ती चार दिवस झुंजली ते नाव पेटीवरून, दिव्यांच्या माळेवरून, पंख्यांवरून घुमत गेलं, आणि कुणा कुणाच्या फोनमधून एक क्षण उशिराने परत आलं. "साधू," लोक म्हणाले. "साधू," फोन म्हणाले.

पठण सुरू झालं. चार भंतेंच्या पुढ्यात दांड्यांवर उभे चार मोठे कापडी पंखे, चेहरा झाकणारे. प्रत्येकावर जरीने एकेक ओळ, अंत्यविधीला असतेच ती. पहिल्यावर 'गेला तो परतत नाही'. दुसऱ्यावर 'निजला तो उठत नाही'. तिसऱ्यावर 'पुन्हा जागणं नाही'. चौथ्यावर 'सुटका नाही'.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत आवाज चारावरून तीनावर आला. नामतानने पाहिलं, तर 'गेला तो परतत नाही' या पंख्यामागे कुणी नव्हतं. पंखा शांतपणे उभा होता. धाकटे भंते कधी गेले ते कुणाला कळलं नाही, पण ते परतले नाहीत. थोड्या वेळाने 'निजला तो उठत नाही'मागचे भंते उठले. घाईने उठले. चीवर सावरत, ताठ मानेने, पण पावलं फार छोटी टाकत ते पेटीला वळसा घालून गेले. मंडपात एक विशिष्ट आवाज झाला. लोकांनी आधी भूत समजून पेटीकडे पाहिलं. मग वास आला आणि भूत नाही हे कळलं.

तिसरे भंते मधल्या ओळीवरच थांबले, डोळे मोठे झाले, आणि सूत्र अर्धं टाकून ते धावले. उघड उघड धावले.

'सुटका नाही'मागे थोरले भंते एकटेच राहिले. चार नसतील तर तो संघ होत नाही आणि पठण मोजलं जात नाही, हे लहान मुलांनाही माहीत आहे. तरी ते जोर लावून म्हणत राहिले. घामाचे थेंब टाळूवरून कानामागे आले. शेवटी त्यांनी पंखा हळूच बाजूला केला आणि नामतानकडे पाहिलं. बुधवारी झाडाखाली पाहिलं होतं तसं नाही.

"पुढचं तुम्हीच म्हणा, बाळ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "येतं सगळ्यांना." आणि तेही गेले.

बँकने तिपाईवरून फोन उपसला आणि त्यांच्या मागे पळाला. "ताई," जाताजाता तो ओरडला, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले होते, "कंपनीच्या इतिहासात असं प्रक्षेपण झालं नाही!"

टीव्हीवर आता विहाराच्या शौचालयाची दारं होती. दारं चार, पण एकाची कडी मोडलेली असल्यामुळे तीनच चालू होती, आणि तिसऱ्यासमोर थोरले भंते हात जोडून उभे होते. कडेने निरोप इतक्या वेगाने वर चढत होते की वाचता येईनात. 'गुण बघा!' 'अर्ध्या संध्याकाळात!' 'मला सहा पाकिटं.' 'आईसाठी पाहिजे, पत्ता पाठवते.' मंडपातले लोक खुर्च्या सरकवत उठले. काही बघायला गेले, काही गोळ्यांच्या पाट्यांकडे. केळ्याच्या भज्यांची मावशी पर्स उघडून दोन्ही हातांनी गोळ्या भरत होती. "आला ना गुण," ती जाताजाता नामतानला म्हणाली. "तू उगाच काहीतरी सांगत होतीस."

नामतान टीव्हीपाशी गेली. बटण सापडेना. तिने भिंतीतली वायरच उपटली. आतडं हात हलवता हलवता विझलं.

मंडपात दहा-बारा माणसं उरली. बाबांसोबत नावेतून नूडल्स विकलेले तीन म्हातारे, इस्पितळातली एक परिचारिका, फुआंग काका, आत्या. पुष्पचक्राचे पंखे फिरत होते. मागून कुठून तरी पाणी ओतल्याचा आणि लोकांच्या टाळ्यांचा आवाज येत होता.

म्हाताऱ्यांपैकी एकाने सूत्र उचललं. आवाज फाटका, चाल चुकलेली. बाकीच्यांनी धरलं. नामतानला शब्द निम्मेच येत होते, ती निम्मेच म्हणाली. हे मोजलं जाणार का, हे विचारायला कुणी जागेवर नव्हतं.

संपल्यावर फुआंग काका माइक घेऊन काळ्या पडद्यासमोर उभे राहिले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"पोरी, इथे काहीच नाही. मी काय वाचू?"

"बाबांचं नाव घ्या."

"ते तर दिवंगत. यजमान कोण?"

"यजमान नाही कुणी आज. नुसतं नाव घ्या, काका. बघून नको."

काकांनी माइक बंद केला. न वाचता बोलताना त्यांचा आवाज अगदीच साधा होता, खोकल्यासारखा. "थाविन," ते म्हणाले. मग त्यांना पुढे काहीतरी म्हणावंसं वाटलं असावं. "मलाही त्याने एकदा बाहेर काढलं होतं. चूक माझीच होती."

पाणी सोडायची वेळ झाली. ज्याचं माणूस गेलं त्याने झारीतून वाडग्यात बारीक धार धरायची, मागच्याने त्याच्या कोपराला हात लावायचा, त्याच्या मागच्याने त्याच्या. म्हणजे पुण्य हातोहात पोचतं. धार मधे तुटू द्यायची नाही. नामतान खाली बसली. मागे म्हातारे, परिचारिका, काका सरकले. तिच्या पाठीला टेकून आत्या बसली. पट्टा अजून खांद्यावर होता. हातात फोन होता आणि तो थांबतच नव्हता. थोरल्या भंतेंची चित्रफीत अख्ख्या मध्य विभागातून तिच्याकडे परत येत होती.

"नामतान," आत्या कानाशी म्हणाली, "मीच पाठवलं ना गं त्याला? रोज."

डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धं ठेवलं होतं. ते तसंच ठेवता आलं असतं.

"हो, आत्या."

आत्याने फोनकडे पाहिलं. "तो कळवायचा मला. 'ताई, हलकं वाटतंय.' तो एकटाच कळवायचा."

"फोन खाली ठेव. त्याशिवाय हात लावायचा नाही."

आत्याने आजूबाजूला पाहिलं. फोन कधी खाली ठेवला नसल्यामुळे कुठे ठेवायचा हे तिला सुचेना. शेवटी तिने तो पालथा करून फरशीवर ठेवला. तो तिथेही थरथरत राहिला, आणि थरथरत थरथरत, पाठीवर पडलेल्या झुरळासारखा, पेटीच्या दिशेने सरकत गेला. कुणी उचलला नाही.

नामतानने झारी कलती केली. पाण्याची धार वाडग्यात पडायला लागली. तिच्या कोपराला आत्याची बोटं लागली, थंड आणि चिकट, मधाने की घामाने कोण जाणे. एक क्षण ती स्थिर होती. मग अंगठा हलायला लागला. सवयीने, नकळत, खालून वर, खालून वर, कातडीवर काहीतरी पुढे ढकलत असल्यासारखा.  शिसारी नामतानच्या मानेपर्यंत चढली. तिने हात काढून घेतला नाही, कारण काढला असता तर धार तुटली असती.